लक्ष ठेवणे आणि लक्ष असणे

मराठीत 'लक्ष' हा शब्द दोन तऱ्हांनी वापरला जातो. आपण एखाद्यावर लक्ष ठेवतो आणि एखाद्याकडे आपले लक्ष असते. पहिल्यात चौकीदार आहे, दुसऱ्यात आई आहे. ज्याच्यावर लक्ष ठेवले जाते त्याच्याविषयी थोडा तरी अविश्वास असतो. ज्याच्याकडे लक्ष असते त्याच्याविषयी जिव्हाळा असतो. आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या दक्खिनीत 'खबर लेना' यालाही असेच दोन अर्थ आहेत. आजारी माणसाची खबर घेतली जाते आणि वाया चाललेल्या पोराचीही खबर घेतली जाते. शब्द तेच, भाव अगदी उलटे.

म्हाताऱ्या आईबापांच्या मनगटावर जे स्मार्टवॉच अलीकडे दिसू लागले आहे, त्याने हा जुना फरक पुन्हा समोर आणून ठेवला आहे. मुलगा परगावी असतो. सुट्टीवर येताना तो घड्याळ आणतो, आईच्या हातात बांधतो आणि आपल्या मोबाईलशी जोडून परत जातो. आता ती पडली तर त्याला कळणार, तिच्या छातीचे ठोके बिघडले तर कळणार, ती घराबाहेर कुठे गेली तेही कळणार. या घड्याळाने आईकडे लक्ष असणे वाढले, की आईवर लक्ष ठेवणे वाढले? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण तो नीतीचा आहे आणि आपल्या घरातला आहे.

आधी घड्याळाच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलून घेऊ. म्हातारपणी पडणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. पडण्याइतकेच घातक असते ते पडून राहणे. खुब्याचे हाड मोडलेली बाई तासन् तास फरशीवर पडून राहिली, तर शरीरातले पाणी कमी होते, दाबल्या गेलेल्या स्नायूंचा नाश होऊ लागतो, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून कुणाला तरी लवकर कळणे हे इथे निम्मे औषध आहे.

घड्याळात हाताची गती आणि दिशा मोजणारे बारीक संवेदक असतात. एकदम बसलेला जोराचा आघात आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून माणूस पडला असावा असे ते ताडते. ॲपलने २०१८ साली ही सोय आपल्या घड्याळात आणली. पुढे इतर कंपन्यांनीही आणली. ॲपलच्या घड्याळात पडलेला माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ स्वतः मदतीसाठी फोन लावते आणि घरच्यांना ठिकाण कळवते. यातून माणसे वाचली आहेत. तेव्हा 'आमच्या वेळी असले काही नव्हते' म्हणून नाक मुरडण्यात शहाणपण नाही. त्या वेळी जी माणसे रात्री पडली आणि सकाळी सापडली, त्यांना आज विचारता येत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, 'अल्लाह मालिक है, घड्याळ कशाला?' त्यांना तिर्मिझीच्या संग्रहातली उंटाची हदीस आठवून द्यावी. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी तो बांधायला सांगितले आणि मग भरवसा ठेवायला. काळजी घेणे हे तवक्कुलच्या आड येत नाही. जीव वाचवणे, हिफ्ज-ए-नफ्स, हे शरीअतच्या पाच मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे असे इमाम गझालींपासून सांगितले गेले आहे.

मग अडचण कुठे आहे? ती समजण्यासाठी अशा साधनांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत अँड्र्यू डिबनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मदतीची हाक देणारे बटण काढले. संकट आले की म्हाताऱ्या माणसाने ते दाबायचे. २००१ साली जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने पाणी तापवण्याची एक किटली आणली. एकट्या आईने चहासाठी किटली वापरली की दूरच्या मुलाला तिची वर्दी जायची. किटली वापरलीच गेली नाही, तर आज काहीतरी बिनसले आहे असे त्याने समजायचे. आणि आता हे घड्याळ, जे शरीराच्याच नोंदी मुलाकडे पाठवते.

या तीन पायऱ्या नीट पाहा. बटणात आई स्वतः हाक मारत होती. किटलीत ती हाक मारत नव्हती, पण तिच्या रोजच्या एका कृतीवरून तिची खुशाली कळत होती. ती कृती करायची की नाही हे तिच्या हातात होते. घड्याळात तिचे हृदय, तिची झोप, तिची पावले तिला न विचारता बोलतात. सोय वाढत गेली, पण प्रत्येक पायरीवर आईची इच्छा थोडी थोडी बाजूला सरत गेली. हाकेची जागा खबरीने घेतली. हाक माणूस देतो. खबर माणसाबद्दल दिली जाते.

याच ठिकाणी मला सजद्याचे उदाहरण सुचते. सजद्यात माणूस खाली जातो, कपाळ टेकतो आणि क्षणभर निश्चल राहतो. पडलेला माणूसही खालीच असतो आणि निश्चल असतो. घड्याळ या दोहोंत सहसा गल्लत करत नाही, कारण सजद्यात आघात नसतो. पण खरा फरक आघाताचा नाहीच. एक माणूस आपल्या इच्छेने खाली गेला आहे आणि दुसरा इच्छेविरुद्ध. इच्छा ही गोष्ट कुठल्याही संवेदकाला दिसत नाही. ती दिसण्यासाठी विचारावे लागते.

आता हा प्रश्न उमरग्यात आणून पाहू. उमरगा हे पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे तालुक्याचे गाव. या रस्त्याने इथली तरुण मुले एकीकडे पुण्याला गेली, दुसरीकडे हैदराबादला. काही त्याच्याही पुढे आखातात गेली. मागे राहिलेल्या आईबापांचा आणि मुलांचा धागा म्हणजे मोबाईल आणि आता हे घड्याळ.

पण या भागाला दूर जाण्याचा आणखी एक अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे नुकतीच झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण तेव्हा उमरगा तालुक्यात असलेल्या आणि आता लोहारा तालुक्यात गेलेल्या सास्तूरचीही तशीच दैना झाली. जाड दगडामातीच्या भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्यांवर कोसळले. बाहेरची मदत पोचण्याआधी त्या पहाटे जे हात ढिगारा उपसत होते ते शेजाऱ्यांचे होते. शेजाऱ्यांना कुठल्या घरात किती माणसे, म्हातारी कोणत्या खोलीत झोपते, हे तोंडपाठ असायचे. कुणाच्याही मनगटावर काही नव्हते; पण गावाला गावाची माहिती होती.

नंतर अतिशय बाधित अशी बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली, रस्ते रुंद झाले, आखणी सरळ रेषेत झाली. हे आवश्यकच होते. पण जुन्या गावठाणात भिंतीला भिंत होती. पलीकडच्या घरातला खोकला अलीकडे ऐकू यायचा. नव्या वसाहतीत घरांमध्ये अंतर आले, गल्लीतले शेजार विस्कटले. सुरक्षिततेसाठी माणसे एकमेकांपासून लांब गेली. आता तीच लांबी भरून काढायला आपण यंत्र आणतो आहोत.

जुन्या गावाचे गोडवे गाताना मात्र सावध राहिले पाहिजे. त्या गावाला माहिती होती, तशा चौकशाही होत्या. विधवा बाई कुणाशी बोलली, सून माहेरी किती दिवस राहिली, कोणाची मुलगी कुठल्या रस्त्याने गेली, हे सगळे गल्लीला माहीत असायचे आणि त्याचा काच विशेष करून बायकांना व्हायचा. तीही पाळतच होती. तरीही त्या माहितीत आणि घड्याळाच्या माहितीत एक फरक आहे. शेजारीण अम्माबद्दल जाणत होती, तशी अम्माही शेजारणीबद्दल जाणत होती. देणे-घेणे दोन्हीकडून होते. घड्याळातून मात्र माहिती एकाच दिशेने वाहते. अम्मा रात्री किती वेळा उठली हे मुलाला कळते. मुलगा रात्री किती वाजता घरी आला हे अम्माला कळत नाही.

समजा, असा एक फोन झाला:

'अम्मा, रात कू दो बजे उठे थे क्या?'

'तेरे कू कौन बोल्या?'

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. मुलाच्या आवाजात काळजीच आहे. अम्माच्या उत्तरात राग नाही, पण एक दचकणे आहे. ती कदाचित तहज्जुदसाठी उठली असेल. कदाचित नवऱ्याची आठवण येऊन अंगणात बसली असेल. ते तिचे आणि तिच्या रबचे खाजगी होते. आता त्यात तिसरा आला.

कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईबापांना 'उफ्'देखील म्हणू नका, त्यांच्यापुढे नम्रतेने झुका, अशी शिकवण आहे. ती आपण सगळे सांगतो. पण सूरह नूरमधली शिकवण या संदर्भात फारशी कुणाला आठवत नाही. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये, एवढ्यावर ती थांबत नाही. पहाटेच्या नमाजीआधी, दुपारी कपडे उतरवून विसावण्याच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळांना घरातल्या मुलांनीसुद्धा विचारून आत यावे असे तिथे सांगितले आहे. म्हणजे रक्ताचे नाते असले तरी दाराशी थांबावे लागते. आणि सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या गुप्त गोष्टी हुडकत बसणे, निषिद्ध मानले आहे. मनगट हेही एक दार आहे. घड्याळ बांधताना आपण त्या दारातून चोवीस तास आत जायची सोय करतो. त्यासाठी विचारले होते का?

यावर कुणी म्हणेल की जीव वाचवायचा असताना परवानगी कसली? म्हणणे रास्त आहे. शेजारच्या घराला आग लागली तर दार ठोठावत बसू नये, हे फिकहच्या जाणकारांनीही मान्य केले आहे. अम्मा पडली आणि उठत नाही, ही आग आहे. तेव्हा घड्याळाने बोभाटा करावा, दार मोडून आत यावे. परंतु कधीतरी आग लागेल म्हणून आपण कुणाच्या उंबऱ्यावर रोज बसून राहत नाही. पडल्याची सूचना ही एक गोष्ट आणि दिवसभराची पावले, झोप, ठोके, ठावठिकाणा यांची वही ही दुसरी गोष्ट. पहिलीत संरक्षण आहे. दुसरीत पुष्कळदा मुलाच्या मनाचे समाधान असते. ते वाईट नाही, पण ते आईच्या सुरक्षिततेच्या नावावर खपवू नये.

ही वही आणखी एका माणसावर नजर ठेवते, तिचा विचार होतच नाही. घरात आईची सेवा बहुधा सून करते. परगावच्या दिराने मोबाईलमध्ये पाहून फोन केला, 'भाभी, आज अम्मा चालल्याच नाहीत काय?' तर घड्याळ अम्माच्या हातात असले तरी हजेरी भाभीची झाली. जो दूर आहे तो तपासनीस आणि जी जवळ आहे ती आरोपी, अशी उलटी मांडणी होते. सेवा करणाऱ्या हातांना मदत देण्याऐवजी आपण त्यांच्यावर देखरेख बसवतो.

ज्यांची स्मरणशक्ती गेली आहे त्यांचे काय, हा सर्वांत अवघड भाग आहे. स्मृतिभ्रंश झालेले अब्बा घराबाहेर पडतात आणि वाट विसरतात. त्यांची संमती कशी घ्यायची? इथे मला घड्याळाची बाजू जास्त खरी वाटते. कारण घड्याळ नसेल तर घरचे लोक दाराला कडी घालतात. ठिकाण सांगणारे घड्याळ हातात असेल तर अब्बांना मशिदीपर्यंत, चहाच्या टपरीपर्यंत जाऊ देता येते. जी नोंद जाणत्या माणसाचे स्वातंत्र्य कमी करते, तीच इथे वाढवते. म्हणून नियम यंत्राचा करता येत नाही, माणूस पाहून करावा लागतो. मात्र अशा माणसाची माहिती आपल्याकडे अमानत असते. ती गरजेपुरतीच पाहावी, पाहुण्यांत दाखवू नये, आणि शुद्ध असताना त्यांना काय आवडले असते ते आठवून वागावे. त्याहून बरे म्हणजे शुद्ध असतानाच विचारून ठेवावे.

कायद्याने या बाबतीत थोडेफार केले आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते. वृद्धाला टाकून देणे हा गुन्हा ठरतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्या हक्काला वयाची वरची मर्यादा नाही. सत्तरी उलटली म्हणून तो मुलाच्या नावावर होत नाही. वृद्धांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. पण कायदा पैसे मिळवून देऊ शकतो, लक्ष मिळवून देऊ शकत नाही. आईकडे लक्ष असावे असा हुकूम कुठल्याही न्यायालयाला काढता येणार नाही.

शेवटी व्यवहाराचे बोलू. घड्याळाने पुण्यातल्या मुलाला सांगितले की उमरग्यात आई पडली. पुढे काय? पुण्याहून यायला बहुतेक सारा दिवस जाईल. १०८ ला फोन करता येईल, पण दार उघडणार कोण? मुलगा शेवटी शेजाऱ्यालाच फोन करणार. म्हणजे इतके महागाचे यंत्र घेऊनही शेवटचे शंभर पावलांचे अंतर माणसालाच चालायचे आहे. त्या माणसाशी आपले नाते आहे का? त्याच्याकडे घराची एक किल्ली आहे का? ईदला शीरखुर्म्याचा डबा आणि दिवाळीला फराळाचे ताट इकडून तिकडे जाते का? घड्याळ घेण्याआधी हा हिशोब करावा.

शिवाय घड्याळ पडणे थांबवत नाही, पडल्यावर सांगते. पडणे थांबवायला न्हाणीत धरायला एक दांडी, न घसरणारी फरशी, रात्रीचा एक लहान दिवा, वेळेवर केलेले मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि चक्कर आणणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणे, हे लागते. या गोष्टी मोबाईलवर दिसत नाहीत, म्हणून त्या मागे पडतात. आपल्या घरांत तर आणखी एक पेच आहे. वजू करताना म्हातारी माणसे दिवसातून पाच वेळा हातातले घड्याळ काढून ठेवतात. पाण्याने बिघडेल ही धास्ती कितीही समजावले तरी जात नाही. ओल्या फरशीवर, वाकून पाय धुताना, जिथे तोल जाण्याची भीती सर्वांत जास्त, नेमके तिथे घड्याळ खुंटीवर असते. शिवाय ते वरचेवर चार्ज करावे लागते. आणि खुर्चीवरून हळूच घसरून खाली बसलेली म्हातारी त्याला कळेलच असेही नाही.

याच महामार्गावर अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. गावातलीच, कमी शिकलेली बाई, आपल्याच गावाच्या तब्येतीची विचारपूस करते. तिला ठोके मोजता येतात आणि 'काय झाले?' असे विचारताही येते. घड्याळाला पहिले येते, दुसरे येत नाही. दोन्ही असले तर उत्तमच. पण एकच परवडत असेल तर कोणते निवडायचे, हे ठरवणे आपल्या हातात आहे.

तेव्हा घड्याळ जरूर आणावे, पण काही शर्ती स्वतःवर घालून. बांधण्याआधी आईला विचारावे, आणि त्यातून मला काय काय दिसणार हे तिला समजेल अशा बोलीत सांगावे. पडल्याची सूचना चालू ठेवावी. बाकीची वही तिने 'राहू दे' म्हटले तरच उघडावी. तिला नको वाटेल तेव्हा ते काढून ठेवण्याचा तिचा हक्क मानावा आणि काढले म्हणून रागावू नये. जेवढी तिची खबर घेतो तेवढी आपलीही खबर तिला द्यावी; आज काय जेवलो, कामावर काय झाले, हे तिला ऐकायचे असते.

आणि एक परीक्षा दर महिन्याला घ्यावी. घड्याळ आल्यापासून आईला केलेले फोन वाढले की कमी झाले? कमी झाले असतील, तर 'सगळे ठीक दिसते आहे' असे मानून आपण तिला विचारणेच सोडले आहे. मग घड्याळ तिच्या मनगटावर असले तरी ते आपल्या सोयीसाठी आहे. वाढले असतील, तर ते तिथे खुशाल राहू द्यावे.